आधी खांदा, मग शिंगं

सौंसर
नागपंचमीचा दुसरा दिवस

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर एवढंच विचारलंस, "आत्या, बाबांच्या बॉबीचा मूळ रंग कोणता होता?" मी आठवायला लागेपर्यंत जाता जाता सांगून टाकलंस की गाडीची टाकी पेंटरकडे दिली आहे, बुडाला बारीक भोक आहे, ते त्याच्या शेजारचा पोरगा गॅसने झाळून देणार आहे. त्यानंतर तू काय बोललास त्यातलं निम्मं माझ्या कानात शिरलंच नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी सहाला वहिनीला फोन केला, म्हटलं, पहिलं काम टाकी घरी आण. ती म्हणाली, "एवढं काय झालं बाई, रंगाचं काही आहे का?" रंगाचं मी सांगीन, पण शेवटी.

बाळू, ज्योतीपुढे रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट असते. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा असते, आणि भडका व्हायला नेमकं हेच मिश्रण लागतं. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की जे होतं तेच टाकीत होतं. सिलिंडरमध्ये तो दणका पिस्टन झेलतो, टाकीसमोर माणसाचं तोंड असतं.

तुझे बाबा हे घरी कधी बोलले नसतील. 1981 चा उन्हाळा होता. दादा आणि मी इंजिनचे पॉइंट घासून घ्यायला एका मिस्त्रीकडे थांबलो होतो. पलीकडे एका राजदूतची टाकी झाळायला ठेवलेली. आठ दिवस झाकण उघडं ठेवून उन्हात वाळवली होती म्हणे, वासही येत नव्हता. सतरा-अठरा वर्षांचं पोरगं ज्योत घेऊन वाकलं आणि असा आवाज झाला की समोरच्या कडुनिंबावरचे सगळे पक्षी उडाले. टाकी फुलासारखी उमलली होती. पोराचा उजवा हात मी पाहिला, तो मी लिहीत नाही. दादाने बॉबीला किक मारली, पोराला मधे बसवलं, मागून मी त्याला धरलं आणि आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. त्याचा हात माझ्या ओढणीत गुंडाळलेला. तो वाचला. दोन बोटं मात्र पुढे कधी सरळ झाली नाहीत. दादा त्या रात्री जेवला नाही, आणि नंतर जन्मभर कुणाच्या टाकीला ज्योत लावू दिली नाही.

म्हणून तुझ्या टाकीला ज्योत नको. गरम पाणी आणि साबणाने धुतली म्हणूनही नको, गंजाच्या आणि जुन्या थराच्या आड पेट्रोल लपून बसतं. गंज काढून आतून ओतायचं सीलर मिळतं, बारीक भोकाला ते पुरतं. पत्राच खाल्ला गेला असेल तर टाक्यांचंच काम करणारा माणूस नागपूरला शोधू, मी येते सोबत.

आणि ही टाकी गेली तर दुसरी आणशील कुठून? इंजिन साध्या राजदूतचंच आहे, 173 सीसी, टू-स्ट्रोक. राजदूत मुळात पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली, फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने इथे बनवली, आणि आपल्याकडच्या दूधवाल्यांनी दोन्ही बाजूंना कॅन लटकवून ती गावोगाव नेली. त्यामुळे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा अजून कुठे ना कुठे निघतात. पण तुझी आहे जीटीएस. बुटकी, लहान चाकांची, उंच हँडलची. तिची टाकी, तिचे मडगार्ड, तिचं हँडल साध्या राजदूतला बसत नाही, आणि साध्या राजदूतचं तिला बसत नाही. 1973 मध्ये 'बॉबी' आला, ऋषी कपूर तिच्यावर बसला आणि गाडीचं कंपनीने दिलेलं नाव लोक विसरून गेले. राज कपूरची मुलगी नंदांच्या घरात सून होती, आणि एस्कॉर्ट्स तेव्हा नंदांची. दादा म्हणायचा, ही गाडी सिनेमात गेली ती सोयरिकीतून. नागपूरला सिनेमा पाहून आल्यावर सहा वर्षं पैसे साठवून त्याने ही 1974 ची गाडी सेकंडहँड घेतली, तेव्हा आजी आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. ते तुला ठाऊक आहे.

तू पोळ्यापर्यंत गाडी सजवून काढणार म्हणालास. मग पोळ्याचंच सांगते. तू शेतकऱ्याच्या घरचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? खांदशेकणी. ऊन पाण्याने बैलाचा खांदा शेकतो, हळद-तूप चोळतो, जुवाने कुठे सोललंय का ते बोटांनी चाचपतो. शिंगांना रंग, बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळा हे सगळं दुसऱ्या दिवशी. तुझ्या आजोबांनी एका पोळ्याला खांदा सुजलेला बैल तोरणाखाली नेलाच नाही, गोठ्यात ठेवून त्याला तिथेच पुरणपोळी चारली. लोक नावं ठेवत होते. बॉबी त्याच गोठ्यात बारा वर्षं उभी होती ना? मग तिच्याही बाबतीत आधी खांदा, मग शिंगं.

खांदा म्हणजे काय, तर पहिल्यांदा ब्रेक. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम उघडशील तेव्हा आत काळी भुकटी साचलेली असेल, तिला तोंडाने फुंकर मारू नको आणि हवेच्या पाइपनेही उडवू नको. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते एकदा छातीत गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पूस, फडकं फेकून दे. तुझ्या पोरीला तेव्हा गोठ्यात येऊ देऊ नको. मग केबल सगळ्या नव्या. मग टायर, वरून कितीही चांगले दिसले तरी नवे, कारण बारा वर्षांत रबर वाळून त्याला भेगा गेलेल्या असतात. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑईल सील. ती वाळली असली तर इंजिन बाजूने हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून धरतो, आणि मागचं चाक चालत्या रस्त्यावर जाम होतं. सील दोनच आहेत, पण त्यांच्यासाठी इंजिन फोडावं लागतं म्हणून मिस्त्री टाळतात. तू टाळू देऊ नको.

पॉइंटचं मात्र तू स्वतः कर. फट साधारण 0.4 मिलिमीटर, ती फीलर गेजने बघशीलच. पण ठिणगी नेमकी केव्हा पडते हे दादा पतंगाच्या कागदाने बघायचा. पातळ कागदाची पट्टी दोन पॉइंटांच्या मधे धरायची, दुसरं टोक माझ्या चिमटीत. तो मॅग्नेटचं चाक हाताने हळू, अगदी हळू फिरवायचा. मी कागद ओढून धरलेला, तुटणार नाही इतकाच. एका जागी कागद अलगद निसटून हातात यायचा आणि मी ओरडायची, "सुटला!" तिथे चाकावर खडूची खूण. मी तेव्हा बी.ए.ला होते, पांढुर्ण्यात मुलगी अशी गाडीजवळ उकिडवी बसलेली पाहून येणारे-जाणारे थांबायचे. दादाने एकदाही मला उठ म्हटलं नाही. माझ्या चिमटीत अजून तो कागद आहे असं कधी कधी वाटतं.

पेट्रोलचंही सांगते. दादा लिटरमागे 40 मिलिलिटर ऑईल घालायचा, आधी बाटलीत ढवळून मग टाकीत. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी उभी राहिली की पाणी बुडाशी बसतं आणि आतून गंज चढतो. त्या काळच्या रबरी नळ्या त्याने फुगतात. तेव्हा नळ्या नव्या घाल, आणि महिनाभर गाडी काढणार नसशील तर टाकी रिकामी करून ठेव.

मी शाळेत एकतीस वर्षं काढली. दर 15 ऑगस्टच्या आधी भिंतींना रंग लागायचा, आणि छतातून गळतं ते पाणी तिसरीच्या वर्गात बादलीत पडत राहायचं. मी लिहून लिहून थकले. रंगाला पैसे निघायचे, कारण रंग पाहुण्यांना दिसतो. छतावर चढून कोण बघतो? पोरांच्या वह्या मात्र दर पावसाळ्यात ओल्या. आपल्या या पट्ट्यात सगळं असंच झालंय. विहिरीचा गाळ काढत नाहीत, कठड्याला चुना लावतात. घरात मराठीचा एक शब्द मुलांशी बोलत नाहीत आणि पोळ्याला फेटे बांधून फोटो काढतात. तुला राग येईल, पण मी तुझ्या पोरीशी गेल्या खेपेला बोलले तेव्हा तिला 'जू' म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिला गोठ्यात नेऊन दाखव.

नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय 2002 मध्ये झालं, ते मी दोनदा पाहिलं. चांगलं केलंय, मला नावं ठेवायची नाहीत. पण आपली छोटी गाडी, जिच्या डब्यात बसून मी सौंसरहून इतवारीला जायची, ती 2015 मध्ये बंद झाली, आणि तिथे उभ्या इंजिनाला हात लावला तर ते थंडगार. लखलखीत काळा रंग, पितळ घासलेलं, आणि आत काही नाही. मला तिथून लवकर निघावंसं वाटलं. तुझ्या बापाची गाडी मला तशी हॉलमध्ये उभी केलेली बघायची नाही. सायलेन्सरमधून निळा धूर निघाला पाहिजे आणि वहिनीने आतून ओरडलं पाहिजे.

डिस्क ब्रेक आणि एलईडी दिव्याचा विचार सोड. एक तर त्या फ्रेमला डिस्क ब्रेक सोसणार नाही. दुसरं, 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि आधीचा नंबर असेल तर तोच राहतो. तुझी 1974 ची, वयात बसते. पण तशी नोंदवलेली गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही, हेही लक्षात घे आणि मगच ठरव. दादाचं जुनं पुस्तक छिंदवाड्याचं आहे, माझ्याकडे लोखंडी पेटीत आहे. आता पांढुर्णा स्वतःच जिल्हा झालाय, तेव्हा काम कुठे होईल ते आधी विचारून घे, पुस्तक कुणा एजंटच्या हातात देऊ नको.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, गाडी घराबाहेर काढायची नाही. शेकड्यांनी माणसं दगडांनी जखमी होतात त्या दिवशी. जाम नदीकडच्या गल्ल्यांत पळापळ झाली की बुटक्या गाडीवरचा माणूस कुणाला दिसत नाही. जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला पोरीला पुढे टाकीवर बसवून नेणार म्हणालास, तेही नको. लहान चाकं खड्ड्यात आदळतात, मोठ्या चाकासारखी वरून जात नाहीत, आणि उंच हँडल हातातून पिळवटून जातं. दादा या गाडीवरून तीनदा पडला होता, एकदा माझ्यासकट. माझ्या हनुवटीवरची खूण तू लहानपणी बोट लावून विचारायचास ना, ती त्याच दिवसाची. पहिला महिना एकटाच चालव, घरापासून शेतापर्यंत, हेल्मेट घालून. हे माझं ऐक.

वहिनीला नमस्कार, पोरीला पापा. टाकी घरी आली की फोन कर. रात्री कितीही वाजले असले तरी कर, मी जागी आहे.

तुझी
आत्या

ता. क. रंग. गाडी घरी आली तेव्हा पिवळी होती. वहिनी लाल म्हणते तेही खरं आहे, लग्नाच्या आधी दादाने तिच्या आवडीचा म्हणून लाल दिला, ब्रश मीच धरला होता. पेंटरने अजून पॉलिश पेपर लावला नसेल तर टाकीच्या खालच्या बाजूला, सीटच्या टोकाखाली जिथे ब्रश पोचला नाही, तिथे बोटभर पिवळा सापडेल. तो घासू नको.