दाण्याची जागा

खेतवाडीतील एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर, मागील अंगणाकडे उघडणाऱ्या दारापाशी, गेली पन्नासहून अधिक वर्षे पहाटे एकच क्रम चालत आला आहे. पितळी डब्याचे झाकण निघते, ज्वारी-बाजरी फरशीवर पसरते आणि मातीच्या पसरट भांड्यात गाळलेले पाणी ओतले जाते. नवकारशीला अजून अवकाश असतो. घरातील कोणाच्याही तोंडात पाण्याचा थेंब गेलेला नसतो, पण पाखरांची सोय झालेली असते. घरातील बा आज 77 वर्षांच्या आहेत. नववधू म्हणून या घरात आल्या त्याच आठवड्यात सासूबाईंनी हा डबा त्यांच्या हाती दिला, आणि त्यात खंड पडला तो केवळ पर्युषणातील अठ्ठाईच्या वर्षी, अंगात उठण्याचे त्राण उरले नव्हते तेव्हा. त्या दिवसांतही दाणे सुनेने टाकलेच.

दाण्यावर येतात ते पारवे, साळुंक्या आणि नशीब असेल त्या दिवशी चिमण्या. बुलबुल आणि दयाळ दाण्याला शिवत नाहीत. एकाला फळे नि किडे लागतात, दुसऱ्याला बहुतेक किडेच. तरी पाण्याला दोघेही येतात. हे बांना पुस्तकातून कळलेले नाही, दाराच्या चौकटीला टेकून पाहता पाहता कळले. पक्षी पाहण्याची ही सवय खेतवाडीला नवी नाही. डॉ. सालीम अली याच खेतवाडीत मामांच्या घरी वाढले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची एक चिमणी ओळखून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. पक्ष्यांवरील प्रेमाची सुरुवात एका पाखराच्या मृत्यूने व्हावी, हे विचित्र खरे. या चाळीतही काहीसे तसेच घडले.

वाडीत एक पिवळी-पांढरी मांजर आहे. ती कोणाचीच नाही आणि म्हणून सगळ्यांची आहे. पहिल्या मजल्यावरच्या कोकणी काकू तिला दुपारी मासळीचे उरलेसुरले घालतात. बा सकाळी बशीभर दूध ठेवीत. दोन्ही घरांत या विषयावर कधी चर्चा झाली नाही. शेजार टिकतो तो अशाच मौनावर. दूध पिऊन मनी जास्वंदीच्या कुंडीमागे अंग चाटीत बसे, आणि बांना ते दृश्य फार शांत वाटे. एकीकडे पाखरे दाणे टिपताहेत, दुसरीकडे मांजर डोळे मिटून बसली आहे. समवसरणाच्या चित्रात जन्मजात वैरी वैर विसरून शेजारी बसलेले असतात, त्याची त्यांना आठवण होई.

चैत्रातील एका सकाळी ते चित्र मोडले. नुकतेच घरटे सोडलेले बुलबुलाचे पिल्लू पाण्याच्या भांड्याच्या काठावर बसले होते. कुंडीमागून पिवळा पट्टा सरकला, भांडे उपडे झाले आणि मनीच्या तोंडात ते पिल्लू दिसले. बांच्या ओरडण्याने तिने ते टाकले. नातवाने उचलून पाहिले. रक्त नव्हते, पंख मोडला नव्हता, केवळ दोन-चार पिसे विस्कटली होती. बुटाच्या खोक्यात कापूस घालून त्याला ठेवले, चमच्याने चोचीत पाणी घातले. संध्याकाळी ते मान वर करून बसले तेव्हा सर्वांना हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे बा दाण्याचा डबा घ्यायला उठल्या, तेव्हा खोके निश्चल होते.

पुढे ओळखीच्या पशुवैद्यांनी जे सांगितले ते प्रत्येक दाणे घालणाऱ्या घराने लक्षात ठेवावे असे आहे. मांजरीच्या लाळेत असे जिवाणू असतात की दाताची सुईएवढी खूणही पक्ष्याला पुरते. वरून जखम दिसत नाही, पिसांखाली ती झाकलेली असते, आणि एक-दोन दिवसांत विष रक्तात भिनते. म्हणून मांजरीच्या तोंडातून सुटलेला पक्षी धडधाकट दिसला तरी त्याच दिवशी औषधासाठी न्यावा लागतो. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. गिरगावाहून टॅक्सीने ते काही दूर नाही. आणि चोचीत पाणी मुळीच घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. हे ऐकताना नातवाची मान खाली गेली होती.

तांबाकाट्याच्या पेढीवरून चिरंजीव घरी आले तेव्हा त्यांनी व्यवहारी तोडगा काढला. मांजरीला गोणीत घालून भाऊच्या धक्क्यावर सोडून यायचे, तिथे तिला खायला कमी पडणार नाही. नातवाचे मत याहून कडक होते. बांनी दोघांनाही नकार दिला. मनीला काढली तर रिकाम्या जागेत दुसरी येईल, हे एक. आणि दुसरे असे, की तिच्याकडून गुन्हा झाला म्हणावे तर तो तिला गुन्हा म्हणून कळला पाहिजे. जीव जसा घडला आहे तसा वागला. ‘‘दाणे मी टाकले, पाणी मी ठेवले, दूधही मीच दिले. पाखराला आणि मांजरीला एका अंगणात बोलावले कोणी?’’ असे त्या म्हणाल्या. पेढीच्या भाषेत सांगायचे तर इतक्या वर्षांच्या वहीत त्या केवळ जमेची बाजू लिहीत आल्या होत्या, नावेची बाजू त्या दिवशी प्रथम उघडली.

या प्रश्नावर आपल्या पूर्वसूरींनी विचार केलेला नाही असे नाही. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असे पंधरा व्यवसाय सांगितले. त्यांतील असतीपोषणात धनासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये पोपट, कुत्रा यांच्याबरोबर मांजराचेही नाव आहे. बा मांजरीवर पैसा मिळवीत नव्हत्या, तेव्हा तो नियम त्यांना शब्दशः लागू पडत नाही. पण हिंस्र जीव पोसताना त्याच्या हिंसेचा काही अंश पोसणाऱ्याकडे येतो की काय, ही शंका त्यामागे आहेच. दुसऱ्या बाजूला, हाकलून देणे ही मुंबईच्या जैनांची परंपरा नव्हे. 1832 मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि इतर समाजही त्यांना येऊन मिळाले. त्यानंतर दोन वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. भुलेश्वरची ती पांजरापोळ या चाळीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोर जैन समाजाने चालवलेल्या पक्षी रुग्णालयाने तर असाच पेच आपल्या परीने सोडवला आहे. तिथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात, आणि घार-ससाण्यांसारख्या शिकारी पक्ष्यांवर बाहेरच्या बाहेर उपचार करून त्यांना परत पाठवतात. औषध सर्वांना, मुक्काम मात्र वेगवेगळा. बांना ही युक्ती फार पटली.

मांजरीला शाकाहारी करावे असाही एक विचार घरात निघाला. तो टिकला नाही. मांजरीच्या शरीराला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातून मिळावे लागते आणि निसर्गात ते मांसातूनच मिळते. ते न मिळाल्यास तिची दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. दूध तर अनेक वाढलेल्या मांजरांना पचतही नाही. म्हणजे बशीभर दुधाने बांचे समाधान होत होते, मनीचे फारसे काही होत नव्हते. बरे, पोट भरले म्हणून ती शिकार सोडील असेही नाही. भूक आणि झडप या तिच्या ठायी दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांसाचे प्रमाण अधिक असलेला आहार दिल्यावर मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत 36 टक्के घट झाली, आणि रोज पाच-दहा मिनिटे मालकाने खेळवल्याने 25 टक्के. गळ्यातील घुंगराने मात्र लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. अमेरिकेत मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांकडून वर्षाला 1.3 ते 4 अब्ज पक्षी मरतात असा 2013 चा अंदाज आहे. हा आकडा नातवाने वाचून दाखवला तेव्हा बांनी हातातील माळ क्षणभर थांबवली. दुधाची बशी दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. मनीचे जेवण काकूंच्या दारी होते, ते तिथेच राहिले. याबद्दलही दोन घरांत चर्चा झाली नाही.

आता नातवाच्या पराक्रमाबद्दल. त्याने कुठेसे वाचले की कॅटनिप नावाचे एक झाड मांजरांना वेड लावते. हे पुदिन्या-तुळशीच्या कुळातील झाड. त्याच्या पानांतील नेपेटालॅक्टोन या द्रव्याचा वास आला की बरीचशी मांजरे गडाबडा लोळतात, गाल घासतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी काही झालेच नाही अशा चेहऱ्याने निघून जातात. सगळ्यांवर परिणाम होत नाही. तो आनुवंशिक आहे, आणि लहान पिल्लांना त्याचे काही वाटत नाही. जपानी संशोधकांना 2021 मध्ये असे आढळले की अशा वनस्पतींवर लोळल्याने अंगाला लागणारा रस डासांना दूर ठेवतो. म्हणजे ज्याला माणूस नशा म्हणत होता, ती मांजरीची मच्छरदाणी निघाली. असो. नातवाने बी मागवले, रोपे केली. मांजर रोपात रमेल आणि पाखरे सुटतील, हा हिशेब. पण कुंडी ठेवली कुठे, तर जिथे ऊन येते तिथे. आणि ऊन येते ते पाण्याच्या भांड्याजवळ. आतापर्यंत दिवसातून एकदा येणारी मनी आता तीनदा येऊ लागली. लोळून झाले की तिथेच, दाण्यापासून दोन हातांवर, डोळे किलकिले करून पडून राही. चार दिवस अंगणात एकही साळुंकी उतरली नाही. पाचव्या दिवशी बांनी स्वतः ती कुंडी उचलून वाडीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवली. थंड हवेतले ते झाड श्रावणाच्या पावसात सडून गेले. मजेची गोष्ट अशी की तशीच मोहिनी घालणारी खोकली ही रानवनस्पती टाकीच्या भिंतीकडेला आपोआप उगवते. उभी असते तेव्हा मांजर तिच्याकडे पाहतही नाही, पण झाडूवाल्याने ती मुळासकट उपटून टाकली की मनी त्या मुळांवर लोळू लागते. तण म्हणून फेकले जाणारे झाड फुकट मिळत होते आणि नातवाने पैसे मोजले, हे ऐकून चिरंजीव बराच वेळ हसले.

पण खरा उलगडा झाला तो कुंडी उचलतानाच. दम लागला म्हणून बा अंगणाच्या फरशीवर बसल्या, मनी नेहमी बसते त्याच जागी. उभे राहून इतकी वर्षे पाहिलेले अंगण त्यांनी प्रथमच मांजरीच्या उंचीवरून पाहिले. तुळस, जास्वंद, ओवा, कोरफड अशा कुंड्यांची रांग त्यांनीच भिंतीपासून भांड्यापर्यंत लावली होती, पाखरांना सावली मिळावी म्हणून. खालून पाहिले तर तो एक आडोशाचा बोळ होता, थेट पाण्याच्या काठापर्यंत जाणारा. पाणी पिताना मान खाली घातलेल्या पक्ष्याला त्या बोळातील हालचाल दिसणे शक्यच नव्हते. जयणा हा शब्द बांनी व्याख्यानात शेकडो वेळा ऐकला होता. चालताना, बोलताना, ठेवताना, उचलताना पाहून करावे. पाणी गाळताना त्या जयणा पाळत होत्या. ते पाणी कुठे ठेवायचे, याचा विचार कधी केला नव्हता.

मग पेढीवरून तांब्याचे एक उथळ ताट आले. अंगणाच्या मध्यभागी, सर्व कुंड्यांपासून आठ-दहा फूट दूर, छातीच्या उंचीच्या गुळगुळीत लोखंडी खांबावर ते बसवले. कुंड्या भिंतीला गेल्या. फरशीवर दाणे टाकणे बंद झाले. मूठभर दाणे ताटाशेजारच्या फळीवर, आणि अर्ध्या तासात उरतील ते उचलून आत. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागून मांजरे, ही साखळीही तेव्हाच ध्यानात आली. दादरच्या कबुतरखान्याचा वाद 2025 मध्ये न्यायालयापर्यंत गेला आणि घराघरांत त्यावर तावातावाने बोलणे झाले. त्या वादाचा निकाल इथे लावायचा नाही, पण किती घालावे, कुठे घालावे, उरलेल्याचे काय करावे, हे प्रश्न घरच्या मुठीलाही लागू आहेत. फाल्गुनापासून आषाढापर्यंत, उडायला शिकणारी पिल्ले जमिनीवर असण्याच्या दिवसांत, काकू सकाळ-संध्याकाळ मनीला आपल्या घरात कोंडून ठेवतात. ही विनंती करायला बा जिना चढून स्वतः गेल्या होत्या. ‘‘अहो भाभी, इतकंच ना, निरोप पाठवला असता तरी चाललं असतं,’’ असे काकू म्हणाल्या. त्या घरात बांनी चहा घेतला नाही, पण बसल्या तासभर.

एक प्रश्न राहिला होता. मांजर वर्षातून दोन-तीनदा विते, गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा. वाडीत आणखी पाच मांजरे झाली तर खांब काय करणार? पशुवैद्यांनी नसबंदी सुचवली. बांना हे जड गेले. एका जिवाच्या शरीरावर शस्त्र चालवायचे, तेही तिला विचारल्याशिवाय. दोन महिने त्यांनी होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. दिवाळीनंतर चोपडा पूजनाचे पाकीट उघडून त्यांनी पैसे मोजून नातवाच्या हाती दिले. काकू आणि नातू मनीला टोपलीत घालून घेऊन गेले, तेव्हा बांनी त्या दिवसाचे आयंबिल केले. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही. मनी परतली ती डाव्या कानाचे टोक छाटलेली, पुन्हा कोणी पकडून नेऊ नये म्हणून केलेली खूण. त्या कानाकडे बा अजूनही सरळ पाहत नाहीत.

पहाटे दार उघडते. मनी टाकीच्या भिंतीवर असते. ताटात पाणी पडते, पहिली साळुंकी फळीवर उतरते, तिच्यामागून बुलबुलांची जोडी. पूर्वी बा पाणी ओतून आत जात. आता पाखरे पाणी पिऊन उडेपर्यंत त्या चौकटीत उभ्या राहतात.