दादरा बांधलेलं दार

“दार उघडतंय, पण आत जाता येत नाहीये गं.”

ऑगस्टातली रात्र होती. लोहगडवाडीत तीन दिवस ऊन पडलं नव्हतं. गायमुख खिंडीतून येणारा वारा पाऊस आडवा करून पत्र्यावर मारत होता, वीज संध्याकाळीच गेली होती आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालला होता. निरोप न्यू जर्सीहून होता. ज्यांचा तो निरोप, त्यांना मी ताई म्हणते. वयाने माझ्या आईएवढ्या आहेत. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता निवृत्त. ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात त्यांनी जमिनीचा लहानसा तुकडा घेतला आहे. कुठे कुठे पांगलेल्या मराठी माणसांनी तिथे जमावं आणि विज्ञानकथा मोठ्याने वाचाव्यात, अशी त्यांची इच्छा. त्यासाठी माझ्याकडून त्यांनी एक अवकाशस्थानक बांधून घेतलं होतं.

दारासमोर त्या अर्धा तास उभ्या होत्या. दोन्ही पाती बाजूला सरकत, आतला निळसर उजेड दिसे, ताईंचा अवतार पाऊल पुढे टाकी आणि नुसत्या हवेला अडे. “मला वाटलं, आत घेण्याआधी तपासणी करत असेल,” त्यांनी लिहिलं.

ते वाक्य आजही माझ्याजवळ आहे. वाड्याच्या दिंडीतून आत शिरता आलं नाही, तर काहीतरी बिघडलंय हे लहान पोरालाही कळतं, कारण दिंडी म्हणजे काय हे त्याला ठाऊक असतं. विज्ञानकथेतल्या इमारतीत कुणी राहिलेलंच नसतं. तिचं दार कसं वागतं, वजन कुठल्या मजल्यावर नाहीसं होतं, हे आधीपासून माहीत असलेला माणूस कुठून आणायचा? म्हणून तिथला बिघाड बिघाड वाटत नाही, त्या जगाची रीत वाटते. माझ्या एका जुन्या मनोऱ्यात एका मजल्याची फरशीच बसायची राहिली होती. माणसं तिथून खाली पडत आणि हा उतरायचा रस्ता असावा असं समजून पुढे जात. महिनाभर एकही तक्रार आली नाही. तेव्हापासून मी बांधायला घेण्याआधी इमारतीचे नियम वहीत लिहून काढते: दार किती वेळात उघडणार, कुठला दिवा कधी लागणार, कुठे चालायचं, कुठे तरंगायचं. आपण ठरवलेला नियम मोडलेला आपल्याला तरी ओळखू आला पाहिजे.

ताईंच्या दारात काय झालं होतं, ते त्या रात्री दहा मिनिटांत सापडलं. तिथल्या प्रत्येक वस्तूला दोन आकार असतात. एक डोळ्यांना दिसणारा, दुसरा अंगाला लागणारा. बाहेर ब्लेंडर या प्रणालीत घडवलेला मेश, म्हणजे त्रिकोणांनी विणलेला आकार, आत नेला, की त्याचा लागणारा आकार, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर, साधासुधा धरला जातो: वस्तूभोवती बाहेरून घट्ट कापड ताणावं तसा. लोणच्याच्या बरणीला आई दादरा बांधते. बरणीला तोंड असतंच, पण फडक्याने ते झाकलेलं असतं. माझ्या भिंतीतलं दार तसं दादरा बांधलेलं होतं. डोळ्यांना उघडं, अंगाला बंद.

उपाय दोन टप्प्यांचा. भिंतीचा लागणारा आकार हुबेहूब धरायला सांगायचा, हा पहिला. पण तेवढंच केलं तर इमारत एकदम महाग होते, कारण बारीक आणि निमुळत्या त्रिकोणांचा हिशेब यंत्राला जड जातो आणि तो भार जागेच्या मर्यादेत मोजला जातो. सेकंड लाइफच्या मुख्य भूमीवरच्या १०२४ चौरस मीटरच्या तुकड्यावर ३५१ एककांइतकंच सामान मावतं. ताईंना तेवढ्यात खुर्च्या, पुस्तकं, झाडं सगळं बसवायचं होतं. म्हणून दुसरा टप्पा: अंगाला लागण्यापुरता वेगळा, ओबडधोबड सांगाडा करायचा. दाराच्या दोन बाजू, वरची पट्टी, मागची भिंत, फरशी, छत. सहा ठोकळे. त्यावर दिसणारी नक्षी कितीही असो, माणूस अडणार त्या सहांनाच.

मग हे आधी कसं दिसलं नाही? मी दारातून चालत कधी गेलेच नव्हते. तपासताना आतल्या खुर्चीवर टिचकी मारून बसत होते; बसलं की अवतार भिंतीपलीकडे थेट खुर्चीत जातो. आतून सगळं ठीक दिसलं, म्हणून ठीक मानलं.

वडिलांनी असं कधी केलं नसतं. ते गवंडीकाम करतात. मळवली-लोणावळ्याकडच्या कितीतरी बंगल्यांच्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत. फरशी बसली, की ते पाणी सोडून बघतात, कुठे साचतं का. मग चपला काढून सगळ्या खोल्यांतून फिरतात. “डोळ्याला पटकन पटतं, पायाला पटत नाही,” असं त्यांचं म्हणणं. आता मीही कॅमेरा खांद्यामागे ठेवून प्रत्येक दारातून चालत जाते, प्रत्येक भिंतीला धडकते, जिन्याच्या प्रत्येक वळणावर मुद्दाम कडेला जाते. लागणारे आकार रंगवून दाखवायची सोय व्ह्यूअरमध्ये, म्हणजे ते जग बघायच्या प्रणालीत, आहे, तीही वापरते. पण आधी चालणं.

याच वडिलांनी स्थानक पडद्यावर पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं, “वजनच नाही, तर खांब कशाला गं लावलेस?”

प्रश्न बरोबर होता. सेकंड लाइफ २००३ साली लोकांसाठी खुलं झालं. ‘प्रिम’ नावाचे साधे ठोकळे जोडून तिथल्या रहिवाशांनीच ते जग उभं केलं. ठोकळा वस्तू म्हणून प्रकट करण्याला ‘रेझ करणं’ म्हणतात. शब्द १९८२ च्या ‘ट्रॉन’ सिनेमातून आला. रेझ केलेला ठोकळा हवेत सोडला, तर हवेतच राहतो. छताला खांब नको, कमानीला चावीचा दगड नको. मी खांब लावले होते, कारण त्यांच्याशिवाय सभागृह डोळ्यांना टिकत नव्हतं. पण हे वडिलांना पटेल असं सांगता येईना.

उत्तर भाज्याला मिळालं. आमच्या वाडीतून खिंड उतरून मळवलीकडे निघालं, की वाटेत भाजे गाव लागतं, वर लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं ते चैत्यगृह मी लहानपणापासून बघत आले. पाहुणे आले की त्यांना तिथे नेणं ठरलेलंच. त्या पावसाळ्यात मात्र खांबांकडे बघत राहिले. सत्तावीस अष्टकोनी खांब, आणि सगळे आत कललेले. लाकडी सभागृहात छताचा रेटा बाहेर पडतो, म्हणून लाकडाचे खांब आत कलवून रोवावे लागतात. इथे रेटा नाहीच. डोंगर पोखरून जागा मोकळी केली. खांब काढून टाकले असते, तरी छत जागच्या जागी राहिलं असतं. तरीही कारागिराने दगडाचे खांब कलते कोरले आणि दगडाच्या कमानीखाली खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या, ज्या आजही तिथे आहेत. त्या काहीही तोलत नाहीत. आत शिरणाऱ्या माणसाला सभागृह कसं असतं ते ठाऊक होतं, आणि त्या ओळखीला या फासळ्या आधार देतात.

वडिलांना तिथे घेऊन गेले. ते बराच वेळ मान वर करून उभे होते. मग एका खांबाचा कल त्यांनी डोळ्यानेच मापला, दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. “सगळे सारखे कललेत,” म्हणाले. पुन्हा खांबांबद्दल विचारलं नाही.

ताईंच्या स्थानकातही मी असाच ओळखीचा आधार घेतला होता. सभागृह गोल, भिंती काळ्या. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचं आवार चार्ल्स कोरियांनी काळ्या दगडात बांधलं आहे, मधे कुंड, आणि न्यूटन, गॅलिलिओ, आइन्स्टाइन, आर्यभट यांचे पुतळे. शाळेच्या सहलीत ते पाहिलं तेव्हाच कळलं होतं, की भविष्यातली इमारत पांढरी आणि गुळगुळीतच असायला हवी असं नाही. ती आपल्या सह्याद्रीच्या रंगाची असू शकते. ताईंना ते आवडायचं आणखी एक कारण होतं. वाचनाची सुरुवात त्या, आयुका ज्यांनी उभी केली त्या जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ या कथेने करणार होत्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. कथेचं मोल नावावरून ठरू नये म्हणून घेतलेली ती काळजी ताई प्रत्येक वर्गात मुलांना सांगत असत.

बांधणं आणि पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि माझ्या चुका बहुतेक दुसऱ्यात झाल्या. मोठी इमारत एका तुकड्यात जात नाही. ती एका पेटीत भरतात. गिऱ्हाईक पेटी आपल्या जमिनीवर ठेवतं, पेटी एकेक तुकडा रेझ करते, आणि प्रत्येक तुकड्यातली स्क्रिप्ट त्याला जागेवर नेते. तुकड्याला फक्त अंतर सांगून भागत नाही. पेटी ज्या दिशेला फिरवली आहे, तो कोन त्या अंतराला लावावा लागतो. ते मी एकदा विसरले, आणि तिरक्या ठेवलेल्या पेटीतून निघालेले तुकडे स्वतः सरळ राहून भलतीकडे जाऊन बसले: छत शेजाऱ्याच्या तळ्यावर, जिना आकाशात. कोन शून्य असताना ही चूक दिसत नाही, आणि आपल्याच अंगणात तपासताना आपण कोन शून्यच ठेवतो.

दुसरी चूक हाकेची. पेटी आणि तुकडे एका वाहिनीवर बोलतात; पेटी हलली की “चला” म्हणते, तुकडे निघतात. माझ्या सगळ्या पेट्यांना मी एकच वाहिनी दिली होती. दोन गिऱ्हाइकं शेजारी निघाली. एकाने स्थानक चार मीटर सरकवलं, तर दोघांच्याही भिंती चालू लागल्या. आमच्याकडे धुक्यात खिंडीतून “ए बाळू” अशी हाक मारली, तर तीन घरांतून तीन बाळू ओ देतात. तेव्हा बापाचं नाव जोडून हाक मारायची असते. आता प्रत्येक पेटी रेझ होताना आपल्यासाठी वेगळी वाहिनी ठरवते आणि प्रत्येक तुकड्याला जन्मताच ती देते. हाकेला पोचही असते: कुजबुज दहा मीटर, बोलणं वीस, ओरडणं शंभर. तीनशे मीटरच्या मनोऱ्याची वरची कडी खालच्या पेटीचं ऐकत नव्हती, तेव्हा दोन दिवस मी कोन तपासत बसले होते. तिला ऐकूच येत नव्हतं. अख्ख्या २५६ मीटरच्या चौकोनभर, कितीही उंचीवर पोचणारी वेगळी आज्ञा आहे. ती घातली आणि मनोरा एकदिलाने हलला.

एअरलॉक मला सगळ्यांत प्रिय. दोन दारं, मधे खोली, आणि नियम एकच: दोन्ही दारं एकाच वेळी उघडी असता कामा नयेत. मी प्रत्येक दाराला त्याची स्क्रिप्ट दिली: हात लागला की ‘मी उघडतंय’ असं सांग, आणि समोरचं बंद व गप्प असेल तरच उघड. दोन माणसांनी दोन्ही दारांना एकाच क्षणी हात लावला आणि दोन्ही दारं एकमेकांची वाट बघत कायमची थांबली. हे कोडं लोहगडाने सोडवलं. गडाची वाट गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी नागमोडी चढते. शाळेत असताना आम्ही धावत जायचो, म्हणून कधी लक्ष दिलं नव्हतं, पण दारामागे पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. दार स्वतः काही ठरवत नाही. ठरवणारा देवडीत बसतो. मी दोन्ही दारांच्या स्क्रिप्टा काढल्या आणि मधल्या खोलीत एकच ठेवली. हात कुणीही, कुठल्याही दाराला लावो, विनंती देवडीवर येते, आणि तिथून एका वेळी एकच दार उघडतं. नंतर ते कधी अडलं नाही.

स्थानकाच्या माथ्यावर ताईंना मोठी अँटेना हवी होती. मी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरून केली. तिथल्या तीस बशा प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या आहेत, पण त्या भरीव नाहीत. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक तारांची जाळी दोरांवर ताणून त्या हलक्या केल्या, वारा आरपार जावा म्हणून. मी आधी प्रत्येक तार खरी घडवली आणि त्रिकोणांची संख्या बघून पुसून टाकली. मग एकाच पातळ बशीवर भोकांचं चित्र लावलं. तरी काचेच्या घुमटातून बघितलं की जाळी गायब व्हायची, कारण अर्धपारदर्शक गोष्टी दोन झाल्या की कुठली पुढे आणि कुठली मागे हे पडदा नीट ठरवू शकत नाही. जाळीला ‘असेल तर पूर्ण, नसेल तर मुळीच नाही’ असं सांगितलं, धूसरपणा फक्त काचेला ठेवला, आणि ती दिसू लागली.

दार अडलं होतं त्या रात्री, पहाटे तीनच्या सुमाराला, सहा ठोकळ्यांचा सांगाडा आत नेला आणि ताईंना नवी पेटी पाठवली. त्यांच्याकडे संध्याकाळ होती. दार उघडलं. त्यांचा अवतार पुढे गेला, आत गेला, सभागृहात गोल फिरला. मग त्या बाहेर आल्या. परत आत गेल्या. परत बाहेर. पुन्हा काही अडतंय का, म्हणून मी श्वास रोखून बघत होते.

“उंबरा कुठंय गं?” त्यांनी लिहिलं.

मी उंबरा ठेवलाच नव्हता. स्थानकाच्या दाराला कोण ठेवतं? पण त्या शिक्षिका होत्या आणि त्यांनी नीट सांगितलं: आत आलो, हे पायाला कळत नाही. मी तेवढ्यात काळ्या दगडाची बोटभर उंच पट्टी केली आणि दारात ठेवली. दिसायला छान. ताईंचा अवतार तिच्यातून तरंगत गेल्यासारखा गेला. पाय दगडात बुडाला. मी तिला फक्त दिसणारा आकार दिला होता.

“यातला एक खर्ची पडेल,” मी म्हटलं. ३५१ मधल्या एकावर त्यांच्या एका झाडाची जागा जाणार होती.

“जाऊ दे झाड.”

मी सांगाड्यात सातवा ठोकळा घातला. बॅटरी अकरा टक्क्यांवर आली होती. ताई दारापाशी आल्या, पाती सरकली, आणि आत जाताना त्यांचा अवतार बोटभर वर उचलला गेला आणि पुन्हा खाली आला.