सबबीचे पेय

प्राचीन कथांना नवा पोशाख चढविणाऱ्यांविषयी माझ्या मनात सहसा साशंकताच असते; कारण पोशाख तेवढा नवा होतो आणि आतील प्राण कोठे हरपला याची वास्तपुस्त घ्यावयास कोणी उरत नाही. ज्याँ दलानॉय यांनी दिग्दर्शिलेला आणि कवी ज्याँ कॉक्तो यांनी लिहिलेला ‘लेतेर्नेल रतूर’ हा १९४३ चा फ्रेंच चित्रपट मात्र ही साशंकता निरुत्तर करतो. फ्रान्स जर्मन अमलाखाली असताना निर्माण झालेल्या या चित्रपटात बाराव्या शतकातील त्रिस्तान-इझोल्टची कथा आधुनिक वेषात अवतरते. त्रिस्तानचा पात्रिस होतो, इझोल्टची नाताली होते, आणि पात्रिस झालेल्या ज्याँ मारेच्या अंगातील नक्षीदार स्वेटरची तर तत्कालीन तरुणांत टूमच निघाली. शीर्षक नीत्शेच्या तत्त्वज्ञानातून उचललेले आहे. तीच कथा पुनःपुन्हा घडते, आणि ज्यांच्या आयुष्यात ती घडते त्यांना तिचा मागमूसही नसतो, असा कॉक्तोंचा अभिप्राय.

या कथेचे सारे मर्म त्या प्रेमपेयात साठविलेले आहे. मामासाठी वधू आणावयास गेलेला भाचा तिच्यावरच अनुरक्त होतो, हा विश्वासघात उघड्यावर मांडला तर श्रोते त्याला क्षमा करणार नाहीत, हे जाणूनच जणू मध्ययुगीन कवींनी प्रेमिकांच्या वतीने ही कैफियत दाखल केली की, दोष त्यांचा नव्हे, चुकून प्राशन केलेल्या पेयाचा. बेरूल या कवीने तर त्या पेयाला तीन वर्षांची मुदतही घालून दिली. थॉमसच्या काव्यात मात्र त्याचा अंमल मरणापर्यंत ओसरत नाही. आपल्याकडेही महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो, आणि कालिदास त्याच्यासाठी दुर्वासाचा शाप व हरवलेली मुद्रिका योजतो. नायकाला निर्दोष ठरविण्याची ही निकड कवींना सर्वत्रच भासत आली असावी.

कॉक्तोंनी या पेयाला जी कलाटणी दिली, तिच्यात त्यांची प्रतिभा खरी प्रकट होते. नातालीला मिळालेल्या त्या कुपीवर ‘विष’ अशी चिठ्ठी आहे. बाहेर वादळ घोंगावत असताना पात्रिस आणि नाताली शेकोटीपाशी हास्यविनोदात रमलेले आहेत; त्यांचा द्वेष करणारा बुटका आशिल ती चिठ्ठी वाचतो, प्रमाण मानतो आणि त्यांचा काटा काढण्याच्या हेतूने कुपी त्यांच्या पेल्यांत रिती करतो. मारावयास निघालेला द्वेषच अशा रीतीने प्रेमाचा कारभारी ठरतो. पुढे त्याच आशिलच्या गोळीने पात्रिस जायबंदी होतो, त्याच्याशी विवाहबद्ध होऊ घातलेली दुसरी नाताली पहिली नाताली येत असल्याचे कळविणाऱ्या नावेवरील पांढऱ्या खुणेविषयी खोटे सांगते, आणि तो प्राण सोडतो. तेव्हा ध्यानात येते की चिठ्ठीवरचे अक्षर खोटे नव्हतेच. पेयाने प्रेमिकांना दोषमुक्त केले, पण त्यांना जीवदान देणे त्याच्या अखत्यारीत नव्हते.

अखेरच्या प्रसंगी पालथ्या नावेवर शेजारी शेजारी पहुडलेले दोन देह समाधीवरील पाषाणमूर्तींसारखे भासू लागतात आणि भोवतालची होड्यांची पडवी प्रार्थनामंदिराचे रूप धारण करते. प्रसंग देखणा आहे, परंतु माझे चित्त त्या अमर होऊ घातलेल्या जोडप्यावर फार काळ स्थिरावत नाही. ते वळते मार्ककडे. ज्याँ म्यूरा यांनी उभा केलेला हा मामा जुलमी नाही की मूर्ख नाही. तो भाच्यावर पुत्रवत् माया करतो, पत्नीवर प्रेम करतो, आणि दोघेही मनाने चांगली असूनच त्याचा संसार मोडतो. प्रेमिकांची वकिली शतकानुशतके कवी करीत आले. त्या तिघांत पेयाचा थेंबही न चाखलेला मार्क मात्र शुद्धीवर राहून सारे सोसतो, आणि त्याच्यासाठी अशी एखादी सबब शोधून ठेवण्याची तसदी कोणीच घेतलेली नाही.