उलटे टांगलेले चिमुकले विमान

वॉशिंग्टन शहराबाहेर, डलेस विमानतळालगत स्मिथसोनियन संस्थेचे उडवार-हेझी केंद्र आहे. डिस्कव्हरी हे अंतराळयान आणि कॉनकॉर्ड पाहायला पर्यटक येथे दुरून येतात. पण प्रवेशद्वारातून आत येताच नजर खिळते ती छताखालच्या एका लाल-पांढऱ्या, दुपंखी विमानावर. ते चक्क उलटे टांगलेले आहे! टांगताना कोणाची चूक तर झाली नाही, असे क्षणभर वाटून जाते.

चूक मुळीच नाही. ‘लिटल स्टिंकर’ नावाच्या या विमानाने कीर्ती मिळवली तीच उलटे उडून. बेटी स्केल्टन या अमेरिकन तरुणीने १९४८ मध्ये ते विकत घेतले, तेव्हा ती २२ वर्षांची होती. प्रवासी विमाने चालवण्याची दारे त्या काळी स्त्रियांना बंद होती. तिने हवाई कसरतींची वाट धरली. जमिनीपासून जेमतेम १० फुटांवर फीत बांधलेली असे. बेटी विमान उलटे करून यायची आणि पंख्याने ती फीत कापायची. याच विमानातून तिने १९४९ आणि १९५० मध्ये महिलांचे कसरतविजेतेपद जिंकले.

हे विमान कर्टिस पिट्स या फ्लोरिडातील स्वयंशिक्षित रचनाकाराने १९४६ मध्ये बांधले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख, वर ताणून बसवलेले कापड आणि वजन सुमारे २५० किलो! पंख आखूड असल्याने ते झटकन कुशीवर वळते. एकावर एक असे दोन पंख तारांनी आवळलेले असल्यामुळे कसरतीचे हिसके सोसते.

पुढे पिट्स यांनी या विमानाचे नकाशे विक्रीस ठेवले आणि हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये ते बांधू लागले. अमेरिकेत अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतःच्या हाताने करावे लागते. रचनेतही सुधारणा होत गेल्या. विमान उलटे झाले की टाकीतले इंधन वरच्या बाजूला जाते आणि इंजिन बंद पडू शकते. त्यासाठी टाकीत टोकाला वजन लावलेली लवचीक नळी बसवतात. इंधन जिकडे, तिकडे ती आपोआप झुकते. सपाट तळाच्या पंखाऐवजी दोन्ही बाजूंनी सारखी गोलाई असलेला पंख आला, त्यामुळे उलटे उडणे सोपे झाले. १९७२ मध्ये फ्रान्समधील जागतिक स्पर्धेत पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदे पिट्स विमानांनी पटकावली.

बेटी आणि तिच्या पतीने १९८५ मध्ये ‘लिटल स्टिंकर’ स्मिथसोनियनला भेट दिले. बेटीचे २०११ मध्ये निधन झाले.

केंद्रात प्रवेश विनामूल्य आहे. कॉनकॉर्डकडे धाव घेण्यापूर्वी दोन मिनिटे मान वर करून उभे राहावे. हाताने जोडलेल्या त्या एकेका सांध्यावर भरवसा ठेवून एका तरुणीने आपला जीव १० फुटांच्या अंतरावर आणून ठेवला होता.