2.02 ची चाचणी

“कॅल्क्युलेटर म्हणजे कुबडी. तुम्हा लोकांना पाढे येत नाहीत, म्हणून लागते.” ऐंशीच्या दशकाच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात डिप्लोमा करताना एका मास्तरांनी मला हे भर वर्गात ऐकवलं. ‘तुम्हा लोकांना’ म्हणजे कोणाला, हे सगळ्या वर्गाला समजलं. माझ्या हातात एका सीनियरकडून जुना घेतलेला कॅसिओ एफएक्स-82 होता. मास्तरांचं म्हणणं, लॉग टेबल खरं, यंत्राचा भरवसा नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं, तर सुरुवातीच्या यंत्रांबद्दल हा संशय अगदीच खोटा नव्हता. 1974 च्या सिंक्लेअर सायंटिफिकमध्ये सगळं गणित अवघ्या 320 सूचनांत बसवलेलं होतं. साइन-लॉगची उत्तरं जेमतेम तीन अंकांपर्यंत बरोबर यायची. त्यापेक्षा चार अंकी लॉग टेबल बरं. त्याआधी 1972 चा एचपी-35, खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर, किंमत 395 डॉलर. त्यात 2.02 चा नैसर्गिक लॉग काढून लगेच उलटी क्रिया केली, की 2.02 ऐवजी नुसते 2 यायचे! कंपनीने चूक लपवली नाही, यंत्र बदलून देण्याची तयारी दाखवली.

हा किस्सा मला फार नंतर कळला. तेव्हा मी तो जुना कॅसिओ शोधून काढला आणि तेच करून पाहिलं. 2.02 आलं. कालामांना बुद्धाने हेच तर सांगितलं होतं, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका. मास्तरांचं मानायचं कारण नाही, तसं कॅसिओचंही नाही. तपासायचं.

पण माझ्या घरी त्या यंत्राचा खरा उपयोग वेगळाच झाला. बा तेव्हा रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती खोदायचा. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर. एका हप्त्याला पैसे कमी आले. मी हिशोब मांडला : 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 30 सेंटीमीटर खोल, म्हणजे 1.8 घनमीटर. वहीत खोली 25 लिहिलेली, म्हणजे 1.5. सहावा हिस्सा मजुरी गायब! साइनचं बटण दाबायचीही गरज पडली नाही. हे तर पाट्यावर खडूनेही निघालं असतं. मग यंत्राने काय दिलं? मी आकडा बोललो, तेव्हा मोजणाऱ्या साहेबांनी ‘पोरगं काहीही सांगतं’ म्हटलं. मी कॅल्क्युलेटर त्यांच्याच हातात दिला. गुणाकारावरचा वाद तिथेच संपला, आणि प्रश्न उरला तो 25 कुठून आले एवढाच. आठ अंकी अचूक यंत्रात खोटी खोली घातली, तर उत्तरही आठ अंकी खोटंच येणार.

त्या हप्त्याचे पैसे मिळाले नाहीत. खड्ड्यात मापासाठी सोडलेला मातीचा उंचवटा तोवर कोणीतरी खोदून टाकला होता. पुढच्या मोजणीला मात्र टेपचं दुसरं टोक बाने स्वतः धरलं, आणि आकडा मोठ्याने वाचायला मला शेजारी उभं केलं.