झाकणावरची सही

माझं पोट रंध्यावर आणि पटाशीवर चालतं. पेटीचे कोपरे मी हातानं डव्हटेल काढून जोडतो, बिजागरीची खाचही हातानंच घेतो. झाकणावरचं नाव मात्र लेझरकडे देतो. पुष्कळांना हे खटकतं. पेटी हातची, मग नावच तेवढं यंत्राचं का, असं ते विचारतात.

स्मृतिपेटी मागायला माणसं बहुधा तेरावं उरकल्यावर येतात. अस्थी तोवर नाशिकच्या रामकुंडात किंवा गावच्या नदीत गेलेल्या असतात. घरात मागे राहतो चष्मा, मनगटी घड्याळ, जपमाळ, पत्रांचा गठ्ठा. या वस्तू कपाटात कपड्यांखाली दबून जाऊ नयेत एवढीच त्यांची इच्छा असते. ‘वर नाव टाकून द्याल ना?’ हे ओघानं येतंच. नाव टाकण्याची आपल्याला जुनी सवय. तांब्या-पातेल्यांवर भांडीवाल्यानं ठिपक्याठिपक्यांत काढलेली नावं घरोघरी आहेत. तिथे अक्षर कसंही उमटलं तरी भागतं, कारण भांडं कोणाचं एवढंच कळायला हवं असतं.

पटाशीनं मी नाव उत्तम कोरू शकतो. पण मी कोरलं की अक्षर माझं होतं. वेलांटीचं वळण माझं, उकाराची शेपटी माझी. गेलेल्या माणसाचा हात त्यात कुठेच नसतो. म्हणून मी घरच्यांना गेलेल्या माणसाच्या हातची सही शोधायला सांगतो. बँकेचं जुनं पासबुक, पोथीच्या पहिल्या पानावर घातलेलं नाव, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून केलेली सही. ही सही जशीच्या तशी लाकडात उतरवायला लेझरसारखं हत्यार नाही. थरथरलेली रेघ तो थरथरलेलीच ठेवतो.

लाकूडकामाला सहसा वापरतात तो कार्बन डायऑक्साइड लेझर. तो 1964 च्या सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. पटेल जन्मले बारामतीला आणि इंजिनिअर झाले पुण्याच्या सरकारी कॉलेजात, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. या किरणाची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. लाकूड ती पटकन शोषतं आणि किरण पडेल तेवढ्याच जागी जळून जातं.

आणि इथेच लाकडाची जाण लागते. सागाच्या वार्षिक वलयांत एक पट्टा मऊ, दुसरा कठीण. मऊ पट्टा खोल जळतो, कठीण कमी. एकाच ताकदीनं फिरलेला किरण एकाच अक्षरात कमी-जास्त खोल रेघ पाडतो. छापील अक्षरांत तर शिरोरेघ दगा देते. ती तंतोतंत सरळ आणि लाकडाची रेषा किंचित तिरकी, की नावच कललेलं वाटतं. म्हणून अंग सागाचं ठेवलं तरी झाकणाला मी शिवण घेतो. ती फिकट असते, पोत एकसारखा, त्यावर करपलेली रेघ उठून दिसते. शिसवीचा आग्रह धरणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. काळ्या लाकडावर काळी रेघ वाचायची कशी?

लेझरवाल्याकडे जाताना त्याच फळीचा उरलेला तुकडा मी बरोबर नेतो आणि आधी त्यावर सही काढून बघतो. दुसऱ्या फळीवरची चाचणी कामाची नाही. झाकणावर चपड्याचा हात आधीच दिलेला असतो, वर कागदी टेप चिकटवलेली, म्हणजे धुराचे डाग लाकडाला लागत नाहीत. हातानं रंधलेलं झाकण कुठे ना कुठे केसभर उंच असतंच. किरणाचा फोकस एकाच कोपऱ्यावर लावला तर दुसऱ्या टोकाला रेघ पसरट येते. तो दोन-तीन जागी मोजून मधला धरावा लागतो. बिजागऱ्या बसवायच्या आधीच हे सगळं उरकतो, तेव्हा झाकण यंत्रावर सपाट बसतं.

लेझर चालवणारा मुलगा हुशार आहे. दिवसभर ट्रॉफ्या आणि दारावरच्या पाट्या करतो, त्यामुळे वाकडं दिसलं की त्याचा हात शिवशिवतो. सहीचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला की कडा गुळगुळीत करायची सोय असते. ती त्यानं वापरू नये म्हणून मी शेजारी बसतो. बॉलपेन अडखळल्यानं रेघ तुटली असेल तर ती तुटलेलीच राहू द्यायची. मोठी करावी लागते तेवढी करायची, कारण पासबुकातली बारीक सही लाकडावर हरवते.

एक बाई आईच्या सहीचा कागद घेऊन आल्या होत्या. आई प्रौढ वयात सही शिकलेली. अक्षरं सुटी सुटी, प्रत्येकाची शिरोरेघ वेगळी आणि पहिला उकार ऱ्हस्वाऐवजी दीर्घ. ‘एवढं शुद्ध करून घ्या, लोक हसतील,’ त्या म्हणाल्या. मी दोन्ही नमुने त्याच फळीच्या तुकड्यावर काढून दिले, एक फॉन्टमधला शुद्ध, एक आईच्या हातचा, आणि घरी नेऊन भावंडांना दाखवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावाचा फोन आला. आईनं याच सहीनं त्याच्या शाळेचे दाखले काढले होते, विधवा पेन्शन घेतली होती. बँकेनं पैसे दिले ते त्या दीर्घ उकाराला ओळखून. तेव्हा तोच ठेवा, म्हणाला.

मी तो तसाच ठेवला. वरची टेप काढल्यावर कोरड्या ब्रशनं काजळी झाडली. अक्षरांच्या आत मी पॉलिश भरत नाही. पॉलिशमधल्या स्पिरिटमध्ये काजळी विरघळल्यासारखी पसरते आणि बारीक रेघा बुजतात.