फोन आपल्या हाताचा करून घ्या



दसरा झाला, कापसाची पहिली वेचणी घरात आली आणि हाती दोन पैसे खेळू लागले की जालन्याच्या बाजारात मोबाइलच्या दुकानांपुढे गर्दी होते. अंबड, मंठा, परतूर, भोकरदनहून माणसे येतात. हीच माणसे बैल घ्यायला गेली तर दात पाहतील, खांदा चाचपतील, चालवून बघतील, चार जाणत्यांना विचारतील आणि तरीही म्हणतील, उद्या सांगतो. फोन मात्र पाठीवर कॅमेऱ्याचे डोळे किती, एवढे मोजून पंधरा मिनिटांत खिशात घालतात. दहा-पंधरा हजारांचा माल आहे, आणि आता तो चैनीचा राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावर आपले पीक आपणच, आपल्या फोनवरून, बांधावर उभे राहून नोंदवू लागलो. ती नोंद नसली की अनुदानाच्या वेळी आणि हमीभावाच्या खरेदीच्या वेळी हेलपाटे सुरू होतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक घोटाळा दूर करते. अँड्रॉइड हे कोणत्या कंपनीच्या फोनचे नाव नाही. फोनच्या आत जो कारभारी बसलेला असतो, त्याचे हे नाव. गूगलने तो चालवला आणि २००८ साली त्यावर चालणारा पहिला फोन बाजारात आला. त्याचा मूळ मसुदा सर्वांना खुला आहे, म्हणून प्रत्येक कंपनी त्याला आपापला साज चढवते. पुरणपोळी सगळीकडे पुरणाचीच, पण कुणाकडे गुळाची, कुणाकडे साखरेची, तसे हे. त्यामुळे शेजाऱ्याच्या फोनमध्ये एखादी गोष्ट जिथे सापडते, तिथेच ती तुमच्या फोनमध्ये सापडेल असे नाही. शोधावी लागते, पण बहुतेक असतेच.

दुकानदार दोन आकडे सांगतो, रॅम आणि स्टोरेज. साठवण म्हणजे घरातले बळद. धान्य किती मावेल ते त्यावर. रॅम म्हणजे पुढची ओसरी. एका वेळी किती माणसे बसून काम करतील, ते तिच्यावर. ओसरी चिंचोळी असली की बळद कितीही मोठे असो, फोन अडखळतो. ई-पीक पाहणी, बँकेचे काम आणि मुलांचा अभ्यास एकाच फोनवर असेल, तर रॅम सहा जीबी आणि साठवण एकशे अठ्ठावीस जीबीच्या खाली उतरू नये, असे माझे मत. बॅटरी पाच हजार एमएएचची असावी. आपल्याकडची वीज कधी येते आणि कधी जाते, हे तुम्हाला मी काय सांगू!

कॅमेऱ्याचे आकडे मात्र सोडून द्या. कपाशीवरची बोंडअळी दाखवायला आणि पिकाचा फोटो काढायला आजचा साधा कॅमेरासुद्धा पुरतो. त्यापेक्षा एक परीक्षा करा. फोन हातात घेऊन दुकानाच्या बाहेर, उन्हात जा. पडद्यावरची अक्षरे दिसतात का पाहा. दुकानात दिव्याखाली सगळेच फोन चकाकतात. आपल्याला तो वैशाखात, दुपारी, बांधावर वाचायचा आहे. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

आणखी एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. या फोनला सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार? चोरांना सापडलेल्या फटी बुजवण्याचे काम या सुधारणा करतात. त्या बंद पडल्या की फोन वरून ठणठणीत दिसतो, पण कुडाला भोके पडलेली असतात. आता काही कंपन्या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षांपर्यंत सुधारणा देऊ लागल्या आहेत, तर काही दोन वर्षांतच हात झटकतात. हजार रुपये जास्त गेले तरी जास्त वर्षांचा घ्यावा.

जालना हे बियाण्यांचे गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको सुरू केली. त्यामुळे बियाण्याची पिशवी, टॅग आणि पावती उगवण होईपर्यंत जपून ठेवायची, ही शिकवण आपल्या रक्तात आहे. तोच नियम फोनला लावा. प्रत्येक फोनचा आयएमईआय नावाचा पंधरा अंकी क्रमांक असतो. *#०६# दाबले की तो पडद्यावर येतो. तो पावतीवर लिहून घ्या आणि घरात वहीतही उतरवा. फोन हरवला, तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर त्याच क्रमांकावरून तो बंद पाडता येतो. जुना फोन विकत घेत असाल, तर इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरे, मग मोकळी जागा, मग तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीतला असेल तर तिथेच कळते. गुरांच्या बाजारात दाखला पाहिल्याशिवाय आपण दावे हातात घेत नाही, मग इथे का घ्यावे?

फोन घरी आला की खरे काम सुरू होते, आणि ते बहुतेक घरांत होतच नाही. कंपनीने दिला तसाच इंग्रजीतला, बारीक अक्षरांचा, नको त्या खेळांनी भरलेला फोन माणसे वर्षानुवर्षे वापरतात. नवे जू बैलाच्या खांद्याला लागते तेव्हा आपण ते तासून घेतो ना? सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा मराठी करा. डिस्प्लेमध्ये अक्षरांचा आकार वाढवा. लिहिण्याच्या पाटीवर मराठी घ्या आणि तिथले माइकचे चिन्ह दाबून बोला. आपण बोलतो ते तो लिहितो. आपली बोली त्याला सगळी कळत नाही. 'काय करायलास' म्हटले की मधूनच गोंधळतो. पण काम भागते. नको असलेली अ‍ॅप काढून टाका, जी निघत नाहीत ती बंद करा. ओसरी मोकळी होते.

माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. त्यांच्या फोनच्या पहिल्या पडद्यावर आम्ही फक्त सहा चौकोन ठेवले. चौकोनात लेकींचे, आमचे आणि गावातल्या डॉक्टरांचे फोटो. फोटोवर बोट ठेवले की सरळ फोन लागतो. पडद्यावरच्या मोकळ्या जागेवर बोट दाबून धरले की विजेट नावाची सोय निघते, तिच्यात हे करता येते. मधल्या लेकीचा फोटो जुना होता. "ही तं बारीक दिसायली, दुसरा लावा," म्हणून त्यांनी तो बदलून घेतला. आता त्या कुणालाही नंबर लावून मागत नाहीत.

धाकट्या जावेची गोष्ट निराळी होती. तिच्या आधारला दिरांचा नंबर जोडलेला. लाडकी बहीण योजना २०२४ साली आली, अर्ज भरताना संदेशातला आकडा विचारला गेला आणि आकडा गेला दिरांच्या फोनवर. ते त्या वेळी जालन्यात कारखान्याच्या पाळीवर, फोन पेटीत बंद. असे तीनदा झाले. घरात चर्चा निघाली, तेव्हा थोरांनी विचारले, "बाईमाणसाला वेगळा फोन कशाला?" मला हा प्रश्न उलटा वाटतो. पैसा तिच्या नावाचा, खाते तिचे, अंगठा तिचा, आणि किल्ली तेवढी दुसऱ्याच्या खिशात, हे कसे चालावे? बऱ्याच बोलाचालीनंतर तिला फोन आला, नंबर आधारला जोडला गेला. मग नवीच अडचण. निंदणी, वेचणी करून तिच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजलेल्या की फोन तिचे बोट ओळखेना. रेशनच्या यंत्रापुढे पुष्कळ बायकांचे हेच होते. यावर उपाय सोपा आहे. एकाच बोटावर विसंबू नका, डाव्या हाताची करंगळी, अनामिका यांचेही ठसे नोंदवा, कारण ती कमी झिजतात. आणि सोबत सहा आकड्यांची पिन ठेवा. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. जावेने स्वतः आकडा ठरवला आणि तो तिने आम्हालाही सांगितला नाही. तिथे मला फार बरे वाटले.

आता सूचनांच्या घंटेबद्दल. दिवसभर फोन टणटण करतो, म्हणून माणसे वैतागून सगळाच आवाज बंद करतात. तसे करू नका. नको ती सूचना बोटाने दाबून धरली की तेवढीच बंद करता येते. दामिनीची मात्र चालू ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने हे अ‍ॅप तयार केले आहे आणि आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते आधी इशारा देते. मराठवाड्यात वळवाच्या पावसात झाडाखाली थांबलेली माणसे आणि गुरे दरवर्षी जातात. दामिनीला लोकेशनची परवानगी लागते. बॅटरी वाचवण्याच्या सोयीने तिला झोपवले, तर इशारा येत नाही. सेटिंग्जच्या बॅटरी भागात जाऊन तिला त्यातून सूट द्या. हवामानासाठी मेघदूत आहे, तेही मराठीत सल्ला देते.

शेवटी फसवणुकीचे. आमच्या शेजारच्या घरी मोसंबीचे पैसे खात्यावर आले आणि आठवड्याने एक संदेश आला. पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, सोबतची फाइल उघडा. फाइलच्या नावाशेवटी एपीके होते. मुलाने ती उघडली, तिने संदेश वाचण्याची परवानगी मागितली, याने दिली. एपीके म्हणजे आयतेच अ‍ॅप. ते आत बसले आणि बँकेचे आकडे परस्पर चोराकडे जाऊ लागले. रात्रीत खाते रिकामे. सकाळी लगेच १९३० ला फोन केला, त्यामुळे थोडी रक्कम वाटेत अडवली गेली. बाकीची गेली, आणि त्या बागेला त्या वर्षी वेळेवर खत पडले नाही. अशा फाइली लग्नपत्रिकेच्या नावानेही येतात. लग्नपत्रिका कधी परवानगी मागते का? सेटिंग्जमध्ये 'अनोळखी अ‍ॅप इंस्टॉल करा' असा एक भाग असतो. तिथे प्रत्येक नावापुढचे बटण बंद करून ठेवा. अ‍ॅप घ्यायचे ते प्ले स्टोअरमधूनच, आणि तिथेही कुणी बनवले ते वाचून. कुठल्या अ‍ॅपला कशाची परवानगी दिली आहे, ते महिन्यातून एकदा पाहा. पिठाच्या गिरणीच्या हिशेबाला आपली बोलणी ऐकण्याचे कारण नाही.

जुना फोन विकणार असाल, तर आधी त्यातले फोटो काढून घ्या, बँकेची आणि पैशाची अ‍ॅप बंद करा, गूगलचे खाते काढा आणि मग फॅक्टरी रीसेट करा. नुसते फोटो पुसून भागत नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. आमच्या जुन्या फोनला दुकानदार सातशे रुपये देत होता. आम्ही तो विकला नाही. सगळे पुसून, सिमशिवाय, तो गोठ्याच्या मेढीला टांगला आहे. सासरे धार काढताना त्यावर साठवलेली भजने ऐकतात.